म्हशीच्या मापाचा कायदा

माझी एकुलती एक लेक अंजिरा पुण्याहून चालत येऊन गावाच्या हद्दीवर उभी राहिली, तेव्हा मी भोंग्यावरून गावाला म्हशीचं माप समजावून सांगत होतो.

"ऐका हो ऐका! दोन मानसांच्या मधी एक म्हस हुबी ऱ्हाईल येवढी जागा सोडायची! म्हस लांबीत धरायची, रुंदीत न्हाय! शेपूट मोजायचं न्हाय! जिल्ह्याच्या मोठ्या सायबांचा हुकूम हाय!"

साहेबांच्या हुकमात म्हैस नव्हती, हे आता सांगायला हरकत नाही. हुकमात सहा फूट होते. पण आमच्या कुरणटेकात फूटपट्टी फक्त शाळेत, आणि शाळेला मार्चपासून कुलूप. म्हैस मात्र दर दुसऱ्या दारात. हुकूम गावात पाळला जावा असं वाटत असेल, तर तो गावात मिळणाऱ्या वस्तूंनीच मोजावा लागतो. आमच्या ध्रुपदावहिनीनं तर पहिल्याच दिवशी आपली म्हैस रेशनच्या रांगेत नेऊन मधे उभी केली. रांग पुढं सरकली तशी म्हैसही सरकली. तिचा नंबर आला तेव्हा दुकानदारानं मान वर न करता मशीन पुढं केलं आणि म्हणाला, "अंगठा लावा." खोटं वाटत असेल तर म्हशीला विचारा. दुकानदार कबूल करणार नाही.

मी गेनू लोखंडे. ग्रामपंचायतीचा शिपाई. नळाला पाणी सोडायचं, चावडी झाडायची आणि दवंडी द्यायची, ही माझी तीन खाती. आधी हलगी बडवत गल्लीगल्लीतून फिरायचो, मग चावडीच्या छपरावर भोंगा बसला आणि माझ्या पायांना आराम मिळाला. कोरोनाच्या त्या वर्षी मात्र जिभेला आराम नव्हता. रोज नवा हुकूम. ग्रामसेवक भाऊसाहेब तालुक्याच्या नाक्यावर ड्युटीला अडकलेले, त्यामुळं हुकमाचे कागद दुधाच्या गाडीतून यायचे. भाऊसाहेबांचा फोन आला की मी टेकाडावर चढायचो, कारण रेंज तिथंच. ते तिकडून हुकूम वाचून दाखवायचे, मी इकडं कानात साठवून घ्यायचो, खाली येऊन कागद हातात धरायचा आणि बोलायचं.

आता हुकमाची भाषा कशी? 'उपरोक्त विषयान्वये सदरहू प्रादुर्भावाच्या अनुषंगाने' अशी. एवढं ऐकेपर्यंत आमच्याकडं माणूस जेवून हात धुऊन झोपतो. म्हणून मी जरा फोडणी द्यायचो. थुंकू नये असा हुकूम आला. मी सांगितलं, थुंकंल त्याला सायबांची जीप धुवावी लागंल, चाकांसकट. जीप गावात कधी आली नाही, पण लोकांनी पिंकदाण्या शोधून काढल्या. वीस सेकंद हात धुवा म्हणून आलं. मी सांगितलं, सासरच्या समद्या मानसांची नावं मनात घेऊन होस्तवर साबण चोळायचा. बाप्यांनीबी.

सगळं गाव ऐकायचं. आणि सगळ्या गावाला ठाऊक होतं की गेनू निम्मं पदरचं बोलतो. कुठलं निम्मं ते कळत नव्हतं, म्हणून सगळंच पाळायचे.

तर मी म्हशीच्या शेपटापर्यंत आलो होतो आणि चावडीच्या दारातून कुणीतरी ओरडलं, "तात्या, फरशीवर पुण्याची मानसं आलीत! सात जण! तुमची अंजिरा पन हाय त्यात!"

मी भोंगा बंद करायचं विसरलो होतो. ही बातमी साऱ्या गावानं माझ्याबरोबरच ऐकली.

आमचं गाव ओढ्याच्या अलीकडं, चढावर. ओढ्यावर फरशी, म्हणजे ठेंगणा पूल, फरशीच्या पलीकडं डांबरी रस्ता फाट्यापर्यंत सरळ गेलेला. चावडीच्या पायरीवर उभं राहिलं की फाट्यापर्यंतचं कुत्रंसुद्धा दिसतं. त्या फरशीवर गावानं बाभळीच्या फांद्या आडव्या टाकल्या होत्या. मे महिना, सकाळचे दहा वाजले असतील, पण डांबर तेव्हाच मऊ पडायला लागलं होतं.

मी पोचलो तेव्हा निम्मं गाव जमलं होतं, मधे म्हशींची अंतरं सोडून. काट्यांच्या पलीकडं करंजाच्या सावलीत ती सात जणं बसली होती. तीन गवंडी, रंगकाम करणारं नवराबायकोचं जोडपं, एक कारखान्यातला वॉचमन आणि आमची अंजिरा, तिच्या लाल पिशवीवर. सगळी याच गावची. पायांच्या चिंध्या झालेल्या.

"आबा," ती उठली नाही. "पाणी हाय का?"

मी गडबडीत तांब्या आणायलाच विसरलो होतो.

"कशाला आलीस गं चालत?" मी म्हणालो. बापाच्या तोंडून आधी हेच येतं.

"मग काय करू? दवाखान्यात आयाचं काम करते म्हनून मालकिनीनं खोली खाली करायला लावली. म्हनली, तू रोग आनशील. दवाखान्यात ऱ्हायची सोय न्हाय. आबा, मला पुन्यात दार न्हाय ऱ्हायलं." तिनं पदराखालून घडी घातलेला कागद काढला. "तालुक्याच्या नाक्यावर आमाला तपासलं. ताप न्हाय कुनाला. ह्यो दाखला. ते म्हनले गावात जावा, चौदा दिवस शाळंत ऱ्हावा."

"शाळंत?" मागून मोटरसायकलवरून आवाज आला. संपतराव भोईटे. नाकाला रुमाल, डोळ्यांवर काळा चष्मा. सरपंच त्यांची बायको, शालनताई; पण सरपंचाचा फोन, शिक्का आणि किल्ल्यांचा जुडगा हे सगळं संपतरावांच्या खिशात. सह्यांपुरता कागद तेवढा घरात जायचा. "शाळा मिळायची न्हाय. गावाचा ठराव झालाय. पुन्या-मुंबईचं मानूस गावात घ्यायचं न्हाय."

"कुठं झाला ठराव?" मी विचारलं.

"पारावर. तुमी पानी सोडायला गेलता."

"ठराव पारावरचा, पन हुकूम वरचा हाय, संपतराव. परवाच भाऊसायबांनी मला वाचून दाखवलाय. भायेरून आलेल्याला गावानं आडवायचं न्हाय. शाळा उघडायची, चौदा दिवस जेवान-पानी पंचायतीनं द्यायचं."

मला वाटलं, झालं काम. आणि मग एकदम हशा पिकला.

"बघा!" संपतराव म्हणाले. "परवा हुकूम आला, आन् तात्या आज सांगतोय. पोरगी फरशीवर बसल्यावर!"

खरंच की. त्या दिवशी मी टेकाडावरून उतरलो आणि तो हुकूम भोंग्यावर सांगितला नाही. बाहेरून कुणी येणारच नव्हतं तेव्हा. आणि शाळा-जेवण-पाणी यात फोडणीला जागाच नव्हती. कोरडा हुकूम म्हणून मी तो बाजूला टाकला होता. माझी चूक ती तेवढीच, पण ती लेकीच्या पायाखाली आली.

"खरं सांगतोय मी," मी म्हणालो.

"भावजी, आमी कवा म्हनलं तुमी खोटं सांगता?" ध्रुपदावहिनी कमरेवर हात ठेवून म्हणाली. "सासरच्यांची नावं घ्या म्हनलात, घेतली. माझी सासरची सत्तेचाळीस मानसं! दीर-नंदांपर्यंत येस्तवर साबनाची वडी संपती. आता ह्येबी ऐकायचं? आमच्या घरात पोरंबाळं हायती. तुमच्या लेकीनं दवाखान्यातनं काय आनलंय कुनाला ठावं?"

"कागद लावलाय चावडीच्या फळ्यावर. वाचा जाऊन."

"तुमी असताना कशाला वाचायचा?" कुणीतरी म्हणालं, आणि परत हशा.

चावडीच्या फळ्यावरचा कागद कुरणटेकात आजवर कुणी वाचला नव्हता. माझ्यासारखा भोंगा असताना कुणाला गरज? मला त्याचा अभिमान वाटायचा. त्या दिवशी तो पहिल्यांदा नडला.

मी भाऊसाहेबांना फोन लावायला टेकाडाकडं दहा पावलं गेलो, आणि आठवलं, त्यांचा फोन कालपासून बंद. परत आलो. संपतराव त्या सात जणांना सांगत होते, "हुतं तिकडं जावा. फाट्यावर गाडी मिळंल." सगळं बंद असताना गाडी कुठली मिळणार, हे त्यांनाही माहीत होतं. वॉचमन म्हातारा डोळे मिटून पडला होता. रंगकामवाल्याची बायको त्याच्या तोंडावर पदरानं वारा घालत होती.

"आबा," अंजिरा हळू आवाजात म्हणाली. "तुमी कायतरी करा की. जल्मभर गावाला बोलन्यात गुंडाळलंत. आज आमच्यासाठी बोला."

मी तिच्याकडं बघितलं. मग वळलो आणि चढ चढायला लागलो. तिला वाटलं असणार, आबा पाणी आणायला गेले.

मी पाणी आणायला गेलो नाही. चावडीत गेलो आणि भोंगा लावला.

"ऐका हो ऐका! कुरणटेककर, कान देऊन ऐका! जिल्ह्याच्या मोठ्या सायबांचा नवा हुकूम! फरशीवर जी सात मानसं आलीत, त्यांना आल्या पावली परत लावायचं! पानी द्यायचं न्हाय! भाकरी द्यायची न्हाय! त्यात शिपायाची लेक असली तरी तिला सूट न्हाय!"

दारातून मला फरशी दिसत होती. लाल पिशवीपाशी अंजिरा उभी राहिली.

मी थांबलो नाही. "कलम दुसरं! परत कुनी येऊ नये म्हनून फरशीच्या तोंडाशी खंदक खनायचा! रुंदी तीन म्हशी, खोली दीड म्हस! घरटी एक मानूस, एक कुदळ, आज बारा वाजल्यापास्नं! ज्या घरात बाप्या न्हाय तिथनं सासू! कलम तिसरं! खंदकाची माती संपतराव भोईट्यांच्या अंगनात टाकायची! कलम चौथं! ध्रुपदाबाईची म्हस सरकारी माप म्हनून तालुक्याला जमा करायची, ती साथ संपंस्तवर तिकडंच ऱ्हाईल, दूध सायबाकडं!"

फरशीवर हालचाल झाली. माणसं चढाकडं तोंड करून उभी राहिली. आणि पलीकडं अंजिरानं पिशवी खांद्याला लावली.

"आन् शेवटचं कलम!" मी आवाज आणखी चढवला. "ह्यो हुकूम चावडीच्या फळ्यावर लावलेला हाय. तो कुनीबी वाचायचा न्हाय! वाचताना सापडंल त्यानं सायबांची जीप धुवायची!"

मी भोंगा बंद केला आणि पायरीवर येऊन बसलो.

ती चालायला लागली होती. गवंडी, जोडपं, म्हातारा, सगळे करंजाखाली बसूनच होते, ती एकटीच. फाट्याच्या सरळ रस्त्यानं, भर उन्हात, मागं वळून न बघता. हाक मारली असती तर वाऱ्यानं मधेच गिळली असती. भोंग्यावरून बोलावं तर सगळंच मुसळ केरात गेलं असतं. माझ्या आयुष्यात मी इतका वेळ गप्प कधी बसलो नाही. लाल पिशवी लहान होत चालली.

पहिली आली ध्रुपदावहिनी. चढ धावत आली. म्हशीचं अंतर, तोंडाचा पदर, सगळं मागं टाकून.

"म्हस नेनार? माझी? कुनाच्या बापाचा हुकूम? कुटं लिवलंय, दावा!"

"वाचायचा न्हाय म्हनून..."

"सरका बाजूला!" आणि मागून निम्मं गाव. खंदक खणायचा म्हटल्यावर सगळ्यांचाच वाचायचा उत्साह वाढला होता. संपतरावांना आपल्या अंगणाची काळजी. सगळे फळ्याभोवती गोळा झाले.

"अरं, ह्यो कागद उलटा लावलाय!"

खरंच, कागद उलटा होता. कुणी मान वाकडी केली, कुणी कमरेत वाकलं. संपतराव चष्मा काढून डोकं तिरकं करून बघू लागले, एका ओळीवर अडकले आणि म्हणाले, "हिथं 'उपरोक्त' हाय."

"तुम्ही बाजूला व्हा," मागून बाईचा आवाज आला.

शालनताई होत्या. हाताला पीठ, कपाळावर घाम. त्या चावडीच्या पायऱ्या फारशा कधी चढल्या नव्हत्या. त्यांनी चार टाचण्या एकेक करून काढल्या, कागद सुलटा केला आणि मोठ्यानं वाचायला सुरुवात केली. दहावी पास बाई. आवाज आधी जरा हळू, मग खणखणीत.

"'आपत्ती व्यवस्थापन कायदा व साथरोग कायद्यान्वये आदेश. परजिल्ह्यातून आपल्या मूळ गावी परतणाऱ्या नागरिकांस गावात प्रवेश नाकारता येणार नाही.'" त्या थांबल्या. बोट पुढच्या ओळीवर नेलं. "'अशा व्यक्तींची चौदा दिवस राहण्याची सोय गावातील शाळेत करावी. पिण्याचे पाणी, जेवण व स्वच्छतागृहाची जबाबदारी ग्रामपंचायतीची राहील. त्यांना रोखणारे, हुसकावणारे कायदेशीर कारवाईस पात्र राहतील.'"

"खंदक?" कुणीतरी विचारलं.

"खंदक नाही."

"म्हस?" ध्रुपदावहिनी.

"म्हैस नाही, काकू. कुठंच म्हैस नाही. अगदी पहिल्यापासून नसणार." त्यांनी माझ्याकडं एकदा बघितलं, मग पुढं वाचलं, "'सदर आदेशाच्या अंमलबजावणीस सरपंच व्यक्तिशः जबाबदार राहतील.'"

शेवटची ओळ त्यांनी मनातल्या मनात परत एकदा वाचली. मग संपतरावांकडं वळून हात पुढं केला.

"किल्ली द्या."

"कसली?"

"शाळेची. आणि फोन."

"अगं, गावाचा ठराव..."

"त्यावर सही कुणाची आहे?"

सही कुणाचीच नव्हती. पारावर सह्या नसतात. संपतरावांनी खिशातून जुडगा काढला.

आणि मग गाव माझ्यावर तुटून पडलं. काय सांगू, अशी बोलणी मी सासुरवाडीतही खाल्ली नाहीत. "थापाड्या!" "हुकमात भेसळ करतोस?" ध्रुपदावहिनी तर अगदी तोंडाशी आली. "भावजी, लाज वाटत न्हाय? पोटची पोर दारात आली आन् खोटा हुकूम काढून तिला हाकलली? बाप हायसा का कोन? सरकार म्हनतंय घ्या, आन् ह्यो बाबा म्हनतोय पानीबी देऊ नका!" तिनं चावडीतली भरलेली घागर उचलली, कमरेवर घेतली आणि तरातरा फरशीकडं निघाली. तिच्या मागं पाचसहा बाया. तासापूर्वी ज्यांना माझी लेक नको होती, त्यांना आता माझ्या लेकीचा कैवार आला होता.

मी मान खाली घातली. तोंड लपवायला दुसरी जागा नव्हती.

पण लाल पिशवी फाट्याजवळ पोचली होती.

"ताई," मी शालनताईंना म्हणालो. "ती बघा."

त्यांनी बघितलं. भोंग्यापाशी गेल्या. बटण कुठलं ते मी बोटानं दाखवलं, अंतर राखून.

"अंजिराताई," चावडीच्या छपरावरून बाईचा आवाज गेला. कुरणटेकच्या भोंग्याला असा आवाज पहिल्यांदाच. "मी शालन बोलतेय. शालन संपत भोईटे. सरपंच. माघारी या."

पिशवी थांबली. वळली नाही. का वळावी? त्याच भोंग्यावरून आत्ताच बाप बोलला होता.

मग शालनताईंनी तो कागद फळ्यावरून आणला आणि पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत, 'उपरोक्त' आणि 'सदरहू'सकट, भोंग्यावर वाचला. कसलीही फोडणी नाही. एवढा कोरडा हुकूम कुरणटेकनं कधी ऐकला नव्हता आणि एवढ्या शांततेत कुठलाच ऐकला नव्हता. 'प्रवेश नाकारता येणार नाही' हे त्यांनी दोनदा वाचलं.

लाल पिशवी वळली.

फरशीवर बाया बाभळीच्या फांद्या ओढत होत्या. ध्रुपदावहिनीनं काटा रुतलेला हात झटकला आणि घागर काट्यांवरून पलीकडं दिली.

शाळेत सात जणं राहिली. शालनताईंनी घरांच्या पाळ्या लावल्या, आज कुणाच्या घरची भाकरी, उद्या कुणाच्या. टाकीत पाणी मी सोडायचो. अंजिरानं दवाखान्यातली शिस्त लावून दिली, कोण कुठं झोपणार, भांडी कशी उकळायची, रोज सकाळी ताप कसा बघायचा. नवव्या दिवशी एका गवंड्याला ताप चढला. तिनं त्याला वेगळ्या खोलीत ठेवलं, शालनताईंनी टेकाडावर पळत जाऊन फोन केला, दुपारी दवाखान्याची गाडी आली. तो बरा होऊन आला, आणि गावात दुसऱ्या कुणाला काही झालं नाही. पारावरचा ठराव चालला असता तर तो त्या रात्री कुणाच्या तरी गोठ्यात लपून निजला असता. हे मी म्हणत नाही, नंतर संपतराव स्वतःच म्हणाले.

माझ्याशी मात्र अंजिरा दोन दिवस बोलली नाही. मी शाळेच्या लिंबाखाली जाऊन बसायचो. ध्रुपदावहिनीनं तिथं मधे आपली म्हैस बांधून ठेवली होती, "आता तरी माप पाळा" म्हणून. म्हशीच्या अलीकडं मी, पलीकडं शाळेची खिडकी.

तिसऱ्या दिवशी खिडकी उघडली.

"आबा, तुमी मुद्दाम केलं न्हवं ते?"

"काय?"

"कळलंय मला. शालननं सांगितलं, कसा गर्दा झाला फळ्यापाशी. तुमचं खोटं पकडायला सगळी धावली, आन् पकडता पकडता खरं वाचून बसली. आधी का न्हाय सांगितलंत मला?"

"आधी मला तरी कुटं ठावं हुतं?"

ती हसली नाही. "मी चालत गेले तवा तुमी काय करत हुता?"

"पायरीवर बसून मोजत हुतो."

"काय?"

"तुज्या आन् माज्यामधल्या म्हशी." हे मी खरं सांगितलं. दोनशेच्या पुढं माझी मोजणी गडबडली.

तिनं खिडकीचे गज धरले. मग म्हणाली, "आन् कागद उलटा कसा लागला?"

"वाऱ्यानं फिरला."

"चार टाचण्या लावल्यावर?"

मी म्हशीकडं बघितलं. तिनंही माझ्याकडं बघितलं, पण मदत केली नाही.

"आबा."

"कागदावर सिंह असले की मला कळतं," मी म्हणालो. "सिंहांची तोंडं वर धरायची. ह्यो कागद झेरॉक्सचा. सिंहाच्या जागी नुस्ता काळा डाग. डाग कुटं वर, कुटं खाली?"

तिला समजायला थोडा वेळ लागला. मग तिनं कपाळाला हात लावला. "तुमाला वाचता येत न्हाय."

"सही येती."

"तीस वरसं गावाला हुकूम वाचून दाखवताय!"

"सांगतोय. वाचून दाखवतोय असं मी कवा म्हनलं?"

"म्हंजे फळ्यावर काय लावलंय तेबी तुमाला ठावं नव्हतं?"

इथं माझी जीभ जरा अडखळली. "त्या आठवड्यात चार कागद आले हुते दूधगाडीतनं. समदे सारखेच. एक रेशनचा, एक लग्नाच्या मानसांचा, एक बाजार बंदचा, आन् एक तुमचा. फळ्यावर एकालाच जागा. मी एक लावला."

"आन् गाव फळ्यापाशी धावलं तवा तुमाला म्हाईत नव्हतं तो कुठला हाय ते?"

"न्हाय."

"लग्नाचा निघाला असता तर?"

"तर कुदळ घेऊन खंदकावर मी पयला गेलो असतो."

अंजिरा तोंडावर हात ठेवून हसायला लागली. हसता हसता रडायला लागली, मग परत हसायला. आतून रंगकामवाल्याची बायको विचारायला आली, ताई काय झालं, तर तिला सांगताही येईना.

दुसऱ्या दिवशी सकाळी खिडकीतून शाळेचा फळा दिसेल असा तिनं तो भिंतीला टेकवून ठेवला होता. वर खडूनं एक अक्षर.

"ह्यो 'ग'," ती म्हणाली. "गेनूचा. पाटी आनलीय का?"

"ह्या वयात?"

"चौदा दिवस संपंस्तवर मला दुसरं काम न्हाय. तुमालाबी न्हाय, भोंगा आता शालनकडं गेला."

ते मात्र खरं होतं. गावानं एकमतानं ठरवलं होतं, या वेळी सह्यांनिशी, की यापुढं हुकूम सरपंच वाचणार, कागद हातात धरून, आणि वाचून झाला की तो फळ्यावर सुलटा लागणार. लोकांना फळ्यापाशी जाऊन ताडून बघायची चटकही लागली होती. माझं एक खातं गेलं. मी तक्रार केली नाही. शालनताई वाचायच्या, मग अंजिराच्या सांगण्यावरून त्याचा अर्थ साध्या भाषेत सांगायच्या. फक्त अंतराच्या कलमाला त्यासुद्धा म्हैसच म्हणायच्या. सहा फूट म्हटलं की कुणी हलायचं नाही.

मी लिंबाखाली बसून म्हशीच्या पाठीवरून फळा वाचायला शिकलो. 'ग'पासून सुरुवात, मग 'न', मग काना, मग वेलांटी. म्हैस मधेच मान हलवायची तेव्हा एखादं अक्षर राहून जायचं. माझा 'ख' अजून त्यामुळंच कच्चा आहे. सातव्या दिवशी मी 'पाणी' वाचलं. दहाव्या दिवशी शाळेच्या दारावरचं गावाचं नाव. एवढी वर्षं त्या दाराखालून गेलो, पण ते दार त्या दिवशी पहिल्यांदा माझ्याशी बोललं.

चौदाव्या दिवशी सकाळी शालनताई कुलूप काढायला आल्या. ध्रुपदावहिनी पुरणाची पोळी घेऊन आली होती आणि म्हैस सोडवून न्यायलाही. दार उघडायच्या आधी अंजिरा खिडकीत आली.

"आबा, ह्यो शेवटचा धडा. वाचा मोठ्यानं. समद्यांसमोर."

फळ्यावर आख्खी ओळ होती. ध्रुपदावहिनीनं म्हैस बाजूला घेतली. मधे काही उरलं नाही. मी उठलो, घसा साफ केला आणि एकेक अक्षर बोटानं धरत वाचलं. एवढा वेळ लागला की पुरणपोळी गार झाली असेल.

"आबा... थापा... खुशाल... मारा... पण... कागद... सुलटा... लावा."

त्याला आता बरीच वर्षं झाली. पुढं मी खूप हुकूम वाचले, काही तर स्वतः फळ्यावर लावले, डाग असो की सिंह. थापाही खुशाल मारल्या. पण फळ्यावरचा अंजिराचा तो एक हुकूम मी कुणालाही सांगतो तेव्हा जसा होता तसाच सांगतो. त्यात मी आजवर एका अक्षराची भर घातलेली नाही.